वाळूच्या वळ्या आणि हर्था एअर्टन

माळव्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या कितीतरी घराण्यांचे कुलदैवत अजून कोकणात, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर आहे. दर्शनाच्या निमित्ताने गेलेला मनुष्य सायंकाळी किनाऱ्यावर उतरतो. ओहोटी लागलेली असते. पाणी मागे सरलेले असते आणि ओल्या वाळूवर, पिळून वाळत टाकलेल्या लुगड्याला चुण्या पडाव्यात तशा, हारीने वळ्या उमटलेल्या असतात. मुले त्या मोडीत धावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला त्या पुन्हा हजर असतात. नर्मदेच्या वाळवंटातही वळ्या दिसतात. पण त्या निराळ्या. नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते, म्हणून तेथील वळी वरच्या अंगाला उतरती आणि खालच्या अंगाला तुटलेली असते. समुद्राच्या वळीला दोन्हीकडे सारखाच उतार. आणि येथेच विचारी मनुष्य अडतो. लाट जितकी पुढे ढकलते जवळजवळ तितकीच मागे ओढते. मग या ये-जा करण्याने वाळू सपाट होण्याऐवजी तिच्या रांगा का उभ्या राहतात?

हा प्रश्न मनावर घेऊन तो काचेच्या टाकीत उभा करणाऱ्या एका इंग्रज विदुषीचे चरित्र आज सांगावयाचे आहे. विजेच्या दिव्यांच्या इतिहासात हर्था एअर्टन हे नाव मोठे आहे. वाळूच्या संदर्भात ते तितकेसे घेतले जात नाही. परंतु आपले काम आपल्या नावाने ओळखले जावे यासाठी या बाईंना जे झगडावे लागले, त्याची कथा वाळूशीच अधिक जोडलेली आहे.

इ. स. १८५४ च्या एप्रिल महिन्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टसी या गावी तिचा जन्म झाला. पाळण्यातले नाव फीबी सेरा मार्क्स. वडील लीव्हाय मार्क्स हे पोलंडमधून आलेले ज्यू घड्याळजी. सेरा सात वर्षांची असताना ते वारले. मागे राहिले ते कर्ज, सात मुले आणि आठव्याची चाहूल. आई शिवणकाम करून घर चालवू लागली. अशा घरातील थोरली मुलगी म्हणजे आईचा उजवा हात. पण लंडनमध्ये शाळा चालविणाऱ्या मावशीने मुलीला शिकविण्याची तयारी दाखविली तेव्हा आईने तो हात स्वतःहून सोडला. जगाशी स्त्रीला पुरुषापेक्षा अधिक झुंजावे लागते, म्हणून तिला शिक्षणही अधिकच चांगले मिळाले पाहिजे, अशी त्या माउलीची धारणा होती. नऊ वर्षांची सेरा लंडनला गेली. सोळाव्या वर्षी ती लोकांच्या मुलांना शिकवून मिळवू लागली आणि मिळकतीतून आईला पैसे पाठवू लागली.

याच काळात तिने जन्मनाव टाकून हर्था हे नाव घेतले. ते तिच्या मैत्रिणीने, कवी स्विन्बर्नच्या एका कवितेवरून, तिला दिले होते. पुढे बार्बरा बोडिशॉन या बाईंशी तिची ओळख झाली. केंब्रिजला स्त्रियांसाठी गर्टन कॉलेज काढणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी या गरीब, तापट, हुशार मुलीला जवळ केले, पैशांची तजवीज केली आणि तिला गर्टनला पाठविले. तेथे हर्थाने गणित घेतले, गायनमंडळ चालविले, कॉलेजची आग विझविणारी तुकडी उभारली आणि नाडीचे ठोके कागदावर उतरविणारे एक यंत्रही तयार केले. परीक्षेत तिचा वर्ग मात्र तिसरा आला. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांची परीक्षा घेई, पण पदवी देत नसे. तेव्हा बी. एस्सी.ची पदवी तिने १८८१ साली लंडन विद्यापीठाकडून मिळविली. तीन वर्षांनी, एक रेघ हव्या तितक्या समान भागांत विभागणाऱ्या साधनाचे पेटंट तिने घेतले. त्यांच्या नावावर पुढे एकंदर २६ पेटंटे जमा झाली. त्यांतले हे पहिले.

१८८४ च्या सुमारास विजेचे शास्त्र शिकण्यासाठी त्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागल्या. वर्ग घेणारे प्रोफेसर विल्यम एअर्टन हे तरुणपणी हिंदुस्थानच्या तारखात्यात नोकरी करून गेलेले गृहस्थ. तारांतील दोष हुडकून काढण्याच्या कामात त्यांनी येथे नाव मिळविले होते. पहिली पत्नी वारली होती आणि घरी लहान मुलगी होती. १८८५ साली हर्थाबाई त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना कन्या झाली. तिचे नाव त्यांनी बार्बरा ठेवले, हे सांगावयास नकोच. मग काही वर्षे संसारात गेली. १८९१ मध्ये बोडिशॉनबाई निवर्तल्या. जाताना त्यांनी हर्थाबाईंच्या नावे काही रक्कम ठेवली होती, आणि तिच्यातून घरकामाला बाई ठेवता आली. हा तपशील चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. पण ज्या गृहिणीने चूल सांभाळून काही करू पाहिले आहे तिला त्या ओळीचे मोल कळेल.

त्या काळी रस्त्यांवर विजेचे कमानी दिवे होते. दोन कर्बकांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटे आणि प्रकाश देई. पण मध्येच ती फिसफिसे, भडके, मंद होई. प्रोफेसर एअर्टन या दिव्यांवर संशोधन करीत होते. १८९३ साली ते शिकागोला गेले आणि त्याच सुमारास त्यांच्या तीन वर्षांच्या कामाचे एकुलते एक हस्तलिखित चुकून जळून गेले. त्यांनी तो नाद सोडला. बाईंनी तो विषय उचलला आणि सारे प्रयोग पहिल्यापासून केले. प्रवाह फार वाढला की तापलेल्या कांडीच्या टोकाचा खळगा पसरत बाजूवर येतो, तेथे हवेतला प्राणवायू त्याला भिडतो आणि कर्ब जळू लागतो. फिसफिसण्याचे मूळ हेच, असे त्यांनी दाखवून दिले. १८९९ साली इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेत त्यांनी हा निबंध स्वतः वाचला आणि त्याच वर्षी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या.

येथे प्रोफेसरसाहेबांची एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पत्नीच्या कामात जोडीने नाव घालण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. दोघांची नावे लागली की जग सारे श्रेय नवऱ्यालाच देणार, हे ते ओळखून होते. एवढी सावधगिरी बाळगणारा नवरा त्या काळात विरळाच!

१९०१ साली प्रोफेसरांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी ही मंडळी मार्गेट या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेली. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईला प्रयोगशाळा कोठली! त्या किनाऱ्यावर फिरत आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या वळ्या पाहत. बिऱ्हाडातच, मिळेल त्या भांड्यात वाळू आणि पाणी घेऊन त्यांनी ते झुलवून पाहावयास आरंभ केला. पुढे भांड्यांची जागा काचेच्या मोठ्या टाक्यांनी घेतली.

त्यांना काय दिसले ते समजण्यासाठी लाटेचा स्वभाव थोडा पाहावा लागेल. लाट दिसते पुढे जाताना, पण पाणी तिच्याबरोबर फारसे जात नाही. पाण्याचा कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरतो. खोल जावे तसे वर्तुळ लहान होते आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ते जवळजवळ मावळते. दर आठ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे १०० मीटर लांब असते. म्हणजे तिची चाहूल ५० मीटर खालपर्यंत पोहोचते. किनाऱ्याकडे पाणी उथळ होते तसे हे वर्तुळ चेपून लांबट होते आणि अगदी तळाशी पाणी केवळ पुढे-मागे झुलते, पाळण्यासारखे. झोका मंद असेल तोवर वाळू निश्चल राहते. एका मर्यादेपलीकडे वेग गेला की वरचे कण सुटतात आणि लोळू लागतात.

आता या झुलणाऱ्या पाण्याच्या वाटेत एखादा किंचित उंचवटा आहे असे समजा. पाणी त्याच्यावरून पुढे गेले की पलीकडच्या आडोशाला एक आडवा भोवरा बनतो. रवीने ताक घुसळताना फिरते तसे उभे नव्हे, तर लाटणे फिरावे तसे ते पाणी फिरते. त्याचा तळाकडचा प्रवाह उलटा, म्हणजे उंचवट्याकडे, असतो. त्यामुळे खळग्यातली वाळू खरवडून तो उंचवट्यावर चढवितो. इतक्यात झोका उलटतो. जुना भोवरा वाळूच्या ढगासह वर फेकला जातो आणि उंचवट्याच्या दुसऱ्या अंगाला नवा भोवरा बनून तोही तेच काम करतो. दोन्हीकडून वाळू चढत गेल्याने वळी उंचावते आणि दोन्ही उतार सारखे राहतात. इतकेच नव्हे, तर तिच्या शेजारी जेथे खरवड होते तिच्यापलीकडे दुसरी वळी धरू लागते, तिच्यापलीकडे तिसरी. एका वळीतून रांग जन्माला येते. जे झुलणे वाळू सपाट करील असे वाटत होते, तेच तिला रचीत असते!

भोवरे पूर्वी कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. चार्ल्स डार्विनचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी १८८३ साली पाण्यात शाई सोडून ते पाहिले होते. परंतु वळी प्रथम उगवते कशी आणि वाढते कशी, याचा क्रम चिकाटीने लावण्याचे श्रेय हर्थाबाईंचे.

हे श्रेय त्यांनी कोठे मांडावयाचे? इंग्लंडमधील शास्त्रज्ञांचे सर्वोच्च पीठ म्हणजे रॉयल सोसायटी. १९०१ साली कमानी दिव्यावरचा त्यांचा निबंध तेथे वाचला गेला खरा. पण तो वाचला जॉन पेरी या पुरुष सभासदाने. १९०२ मध्ये काही मित्रांनी त्यांचे नाव सभासदत्वासाठी सुचविले. पीठाने कायदेपंडितांचा सल्ला घेतला. सल्ला असा आला की, विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नाही, तेव्हा ती सभासद होऊ शकत नाही. ज्या बाईंच्या नावावर पेटंटे होती आणि ग्रंथ होता, त्या कायद्याच्या दृष्टीने नवऱ्याच्या सावलीत विरून गेलेल्या होत्या.

दोन वर्षांनी, १९०४ च्या जून महिन्यात, वाळूच्या वळ्यांची उत्पत्ती आणि वाढ या विषयावरील निबंध घेऊन हर्थाबाई त्याच दालनात उभ्या राहिल्या आणि या वेळी त्यांनी तो स्वतः वाचला. रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध आपल्या मुखाने वाचणारी ही पहिली स्त्री. सभासद होण्यास अपात्र ठरलेली व्यक्ती सभासदांना शिकवीत होती. १९०६ साली त्याच संस्थेने कमानी दिवा आणि वाळूच्या वळ्या या दोन्ही कामांसाठी त्यांना ह्यूज पदक दिले. पदक मिळाले, सभासदत्व कधीच मिळाले नाही.

१९०८ मध्ये प्रोफेसर एअर्टन वारले. बाईंनी नॉर्फोक स्क्वेअरमधल्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात टाक्या मांडल्या आणि काम चालू ठेवले. वळ्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध १९१० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांचा मोर्चा पार्लमेंटवर गेला आणि पोलिसांनी त्याला बेदम झोडपले. त्या मोर्चात छपन्न वर्षांच्या हर्थाबाई होत्या. १९११ च्या खानेसुमारीत माहिती देण्यास त्यांनी नकार दिला. पार्लमेंटच्या दोन उमेदवारांतून एक निवडण्याची बुद्धी मला नसेल तर या साऱ्या प्रश्नांची उत्तरे मी कशी देऊ, असा त्यांचा सवाल होता. तुरुंगात अन्नत्याग करून खंगलेल्या एमेलीन पँकहर्स्टबाई सुटून आल्या म्हणजे याच घरात त्यांची शुश्रूषा होई. एका खोलीत पाणी झुलत असे, दुसऱ्या खोलीत एक आजारी बंडखोर स्त्री पोलिसांची वाट पाहत पडलेली असे.

श्रेयाच्या प्रश्नावर त्या केवळ स्वतःपुरत्या भांडत नव्हत्या. रेडियमचा शोध पिएर क्यूरींचाच, मादाम क्यूरी केवळ मदतनीस, असा समज वृत्तपत्रांतून पसरत होता. १९०९ साली हर्थाबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून तो खोडून काढला. स्त्रीचे काम पुरुषाच्या नावे जमा करणारी चूक इतर कोणत्याही चुकीपेक्षा चिवट असते, हे त्यांनी बजावले. पुढे पॅरिसमधील लोकांनी मादाम क्यूरींच्या खासगी आयुष्यावर चिखलफेक केली आणि त्या आजारी पडल्या. तेव्हा १९१२ च्या उन्हाळ्यात दोन्ही मुलींसह त्यांना इंग्लंडमध्ये समुद्रकाठी आपल्या आश्रयाला ठेवून घेतले ते हर्थाबाईंनीच.

पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत विषारी वायू शिरू लागला तेव्हा या बाईंना आपले भोवरे आठवले. पाण्यात जे घडते ते हवेतही घडणार. वायूला भोवऱ्यांनी परतवून लावता येईल, या विचाराने त्यांनी एक पंखा केला. मेणकापडासारख्या जाड कापडाला वेताचा आधार आणि लांब दांडा, घडी करून नेता येईल असा. तो खंदकाच्या कडेवर विशिष्ट तऱ्हेने आपटावयाचा. युद्धखात्याने प्रथम दाद दिली नाही. बाई हटल्या नाहीत. अखेर एक लाखाहून अधिक पंखे आघाडीवर गेले. त्यांचा उपयोग किती झाला याविषयी मात्र शिपायांत दोन मते होती. नीट शिकविलेल्या हातांत ते चालत, इतर ठिकाणी थट्टेचा विषय होत.

शास्त्राने त्यांच्या वळ्यांच्या उपपत्तीचे पुढे काय केले? भोवरा हाच वळीचा शिल्पकार, हा गाभा टिकला. हर्थाबाईंनी भर दिला होता तो उंचवट्याजवळच्या पाण्याच्या दाबातील फरकांवर. भोवरा मुळात का सुटतो याचे उत्तर तळाला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरातील घर्षणात आहे, हे जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी मांडले. तेही योगायोगाने १९०४ च्याच ऑगस्टमध्ये. भोवरे आणि घर्षण यांच्या संबंधावरील हर्थाबाईंचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९२६ साली, छापला गेला. १९४६ मध्ये, वाळवंटातील टेकड्यांच्या अभ्यासाने गाजलेले राल्फ बॅग्नोल्ड यांनी पाण्याऐवजी वाळूचा तळच झुलवून हेच प्रयोग केले. आधी कण लोळून बसक्या वळ्या बनतात, त्या पुरेशा उंचावल्या की भोवरे सुटू लागतात आणि खऱ्या उंच वळ्या उभ्या राहतात, अशा दोन अवस्था त्यांनी वेगळ्या केल्या. तळाशी पाण्याचा झोका जितका लांब, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर सामान्यतः अशा वळ्या बसतात, हेही आता ठाऊक आहे. वादळी लाटांत मात्र वळ्या पुसून जातात आणि वाळूचा सबंध थरच चादरीसारखा सरकू लागतो.

याचे महत्त्व हौसेपुरते नाही. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पुढचा झोका आखूड पण जोराचा आणि मागचा लांब पण मंद होतो. जोराचा झोका वाळू पुढे लोटतो. परंतु त्याच झोक्यात उचललेला वाळूचा ढग भोवऱ्याबरोबर वर जातो तेव्हा परतीचे पाणी त्याला मागे नेते. एकाच लाटेत वाळू तळाने किनाऱ्याकडे आणि ढगातून समुद्राकडे जाऊ शकते. बंदराचा तोंडचा गाळ, धुपणारा किनारा यांचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअराला ही गोष्ट सोडून चालत नाही. कोकणात पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा वाळू ओढून नेतात आणि उघाडीतल्या संथ लाटा ती हळूहळू परत आणून घालतात, हे तेथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये, एका किड्याच्या दंशातून रक्तात विष भिनून, हर्था एअर्टन यांचा अंत झाला. त्यांच्यावरचा एक मृत्युलेख पतीच्याच जुन्या सहकाऱ्याने लिहिला. बाईंनी संशोधनाऐवजी नवऱ्याची अधिक काळजी घ्यावयास हवी होती, असा त्याचा सूर होता. ज्या समजुतीशी त्या जन्मभर झगडल्या तिने त्यांना मृत्यूनंतरही सोडले नाही. पण काळ थांबला नाही. १९२५ मध्ये त्यांना हर्था हे नाव देणाऱ्या मैत्रिणीने गर्टन कॉलेजात त्यांच्या नावे संशोधनवृत्ती ठेवली. १९४५ साली रॉयल सोसायटीने कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन या दोघींना सभासद करून घेतले. त्याच वर्षी हर्थाबाईंची कन्या बार्बरा पार्लमेंटात निवडून गेली. ह्यूज पदक मात्र दुसऱ्या स्त्रीला मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

पुढच्या खेपेस कोकणात उतराल तेव्हा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जरा थांबून पाहा. गुडघाभर स्वच्छ पाण्यात प्रत्येक लाटेसरशी वळीच्या माथ्यामागे वाळूचा एक लहानसा ढग उठतो, झोका उलटला की फेकला जातो, आणि पलीकडच्या अंगाला दुसरा उठतो. मार्गेटच्या किनाऱ्यावर आजारी नवऱ्याच्या सोबतीला आलेल्या एका बाईने तेच पाहिले होते. आणि पाहून झाल्यावर ते कोणा दुसऱ्याकडून न वदविता स्वतः उभे राहून सांगितले होते.